नाही म्हणायचा सराव

आश्विनात त्र्यंबकच्या पुढच्या डोंगरांवर खुरासणी फुलते तेव्हा ऊन पोहोचण्याआधीच उतार पिवळे झालेले असतात, खाचरांतून पिकत्या भाताचा दुधाळ वास वर येतो आणि ओल्या कातळावरून धुकं रेंगाळत निघून जातं. हे सगळं आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात आहे. ते मीच लिहिलं, म्हणून त्यातल्या प्रत्येक विशेषणाचा मला संशय येतो. आमची ट्रेकिंग कंपनी नाशिकची. ती ‘जबाबदार पर्यटन’ करते, म्हणजे पाहुण्यांना हॉटेलऐवजी पाड्यावरच्या घरांत उतरवते. यात जबाबदारी नेमकी कोणाची, हे विचारण्याइतकं धीटपणे मला कधी बोलता आलेलं नाही.

त्या सकाळी सोनामावशींच्या ओट्यावर पाड्यातल्या बाया जमल्या होत्या. कंपनीला मावशींचं घर हवं होतं. ऐसपैस, सारवलेलं, दारातून अख्खा डोंगर दिसणारं. मावशींचा होकार मात्र येत नव्हता. भात कापून झालं की त्यांचं सगळं घर द्राक्षांच्या कामाला निफाडकडे जायचं. पाहुणे आले तर ते जाणं टळलं असतं. पण पाहुणे आल्यावर घर आपलं राहील का, ही धास्ती होती. आतल्या खोलीत धान्याची कणगी आणि तिच्यापाशी कणसरी, धान्याची देवी. तिथे परकं माणूस जात नाही. आमच्या मालकांना, समीर सरांना, फोटोंसाठी नेमकी तीच खोली हवी होती.

मावशींचं मन वळवायला सरांनी मनमायादिदींना आणलं होतं. त्या नेपाळच्या डोंगरात असंच घर चालवतात. त्यांचं इंग्रजी ट्रेकर्सच्या सोबतीत कमावलेलं, हसू कायम तयार, आणि दुभाषी मी. फार सहज हसणाऱ्या माणसांकडे मी जरा लांबूनच पाहते.

दिदी स्वच्छतेविषयी बोलतील असं वाटलं होतं. त्या तिकडच्या बंडखोर आणि सरकार यांच्यातल्या लढाईच्या वर्षांविषयी बोलल्या. आज बंदूकवाले येत, जेवायला मागत. उद्या सरकारचे शिपाई येत, काल कोण जेवलं ते विचारत आणि तेही जेवूनच जात. दिदींच्या आईने दोघांनाही हसून वाढलं. पुढे लढाई थांबली आणि ट्रेकर येऊ लागले. ते पैसे देत, आभार मानत, पण आईचं हसू तेच राहिलं, भ्यालेलं. म्हणून गावातल्या बायांनी पहिला नियम केला तो नकाराचा: घरच्या बाईने कारण न देता ‘आज नाही’ म्हणावं आणि पाहुण्याने मागे फिरावं.

मी भाषांतर करत होते आणि मनात येत होतं, हे यांनी किती गावांत सांगितलं असेल? डोळे भरून यावेत तिथेच त्या थांबत होत्या. ओट्यावर कोणीतरी हळूच म्हणालं, “आपल्याकडं मतं मागायला येणारेबी जेवूनच जात्यात.” बाया पदराआड हसल्या.

मग दिदींनी त्या नकाराचा सराव मांडला. सर पाठीला सॅक लावून पाहुणे झाले. एकेक बाई लाजत नकार देऊ लागली. एक म्हणाली, “आज नाय, पण च्या घेऊन जावा,” तेव्हा दिदीसुद्धा न समजता हसल्या.

मावशी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. “आज नाय.”

“वा, छान जमलं,” म्हणत सरांनी कॅमेरा काढला आणि आत निघाले. मावशी हलल्या नाहीत.

“झाला की सराव, मावशी.”

“तुमचा झाला आसंल.”

दोघंही मराठीच बोलत होते, तरी सरांनी माझ्याकडे पाहिलं, जणू काहीतरी भाषांतर करायचं राहून गेलं होतं. दिदींच्या चेहऱ्यावर या वेळी हसू नव्हतं. त्या फक्त मावशींकडे पाहत होत्या.

“पावणं पडवीत निजतील,” मावशी म्हणाल्या. “आत नाय. पटत आसंल तर पाठवा.”

सर “बघू” म्हणाले. त्या ‘बघू’वर माझा अजूनही विश्वास नाही. मावशी आत गेल्या, दार उघडंच राहिलं. आतून नाचणीची भाकरी भाजल्याचा वास येऊ लागला, पण ओट्यावरून कोणीच आत गेलं नाही, सरही गेले नाहीत. त्या उघड्या दाराकडे पाहताना मला त्या घरात पहिल्यांदाच जावंसं वाटलं; कोणी बोलावलं तर.