गालापर्यंत आलेला हात

आर्विड कांगासला हरणांबद्दल बोलतं केलं की ऐकणाऱ्याची कॉफी गार व्हायची. स्वतःची तो बोलता बोलता संपवायचा. हयातभर त्यानं काउंटीच्या रस्त्यांवरचं बर्फ हटवणारी गाडी चालवली. माणूस तसा साधा, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा. पण ऑक्टोबरात धनुष्याचा हंगाम उघडला की त्याच्या चालण्यातसुद्धा फरक पडायचा. सुकलेल्या पानांवरून तो स्वयंपाकघरात शिरणाऱ्या मांजरासारखा बिनआवाज जायचा. त्याची बायको आयली म्हणायची की घरात मात्र याची पावलं म्हशीची असतात.

मंडळातल्या कागदी ताटलीचा नियम त्याचाच. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पाइन क्रीक धनुर्धारी मंडळाच्या आवारात गवताच्या गाठोड्यावर कागदी ताटली ठोकायची. वीस पावलांवरून पाच बाण मारायचे. तीन ताटलीत लागले तर त्या वर्षी रानात जायचं, नाही लागले तर घरी बसून बायकोला सफरचंदं सोलू लागायची. हरणाचं काळीज ताटलीएवढंच असतं, आणि त्याला जखमी करून सोडण्याचा हक्क कोणाला नाही, असं आर्विडचं म्हणणं. त्यापुढे कोणाचं काही चालत नसे.

त्याचं दुसरं म्हणणं क्रॉसबोबद्दल होतं. ती म्हणजे बंदुकीच्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. मचाणाखालीच ताणून ठेवायचं, वर नेऊन कठड्यावर टेकवायचं आणि वेळ आली की खटका दाबायचा. धनुष्याच्या हंगामात हिला जागा नाही, हे आर्विड वर्षानुवर्षं सांगत होता. खरी शिकार कोणती? हरीण पंधरा पावलांवर उभं असताना, त्याच्या डोळ्यांदेखत हात हलवून दोरी गालापर्यंत आणायची, ती. नव्वद टक्के हरणं त्या एका हालचालीवर निसटतात आणि निसटायलाच हवीत. ती हालचालच काढून टाकलीत तर मचाणावर माणूस कशाला हवा, बटाट्याचं पोतं ठेवा, असं तो भर सभेत म्हणाला होता.

ते तो ज्याला उद्देशून म्हणाला होता, तो रेइनो साल्मी. त्याचा जिवलग. दोघांनी पहिली धनुष्यं हिकरीच्या चिवट लाकडाच्या एकाच फळीतून तासली होती. त्र्याऐंशी सालच्या वसंतात लाकडाच्या गिरणीत रेइनोच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, नेमकी दोरी ओढणारी. डाव्या हातानं ओढून पाहिलं, तर उरलेल्या दोन बोटांत धनुष्य ठरेना. सरकारनं त्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर क्रॉसबोचा परवाना दिला. मंडळाच्या रानात ती चालू द्यायची का यावर मात्र मतदान झालं, आणि विरोधाचा पहिला हात आर्विडचा वर गेला. रेइनोनं टोपी उचलली आणि तो गेला. भांडण असं झालंच नाही. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं दोघं चर्चच्या दारात भेटत आणि बर्फाविषयी बोलत.

आता खांदा गेला आर्विडचा. एकाहत्तराव्या वर्षी, जिन्यावरून घसरण्याचं निमित्त झालं. आतला स्नायू फाटलाय, शिवून उपयोग नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. तरी सप्टेंबरात तो ताटलीसमोर उभा राहिलाच. दोरी अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यानं पुन्हा ओढली. पोरंटोरं धरून चाळीस माणसं बघत होती. मग त्यानं दोरी हळूच पुढे जाऊ दिली, नोंदवहीपाशी गेला आणि स्वतःच्या नावावर स्वतःच रेघ मारली.

त्यानंतरचे पंधरा दिवस आयलीनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. हा खिडकीशी बसायचा. मेपलची पानं लाल झाली, गळू लागली, तरी हा खिडकीशीच. रानाशिवायचा ऑक्टोबर त्याला ठाऊकच नव्हता, आणि पुढचे सगळे ऑक्टोबर आता असेच जाणार होते. शेवटी तिनं त्याच्यापुढे वेलदोड्याचा पाव गुंडाळून ठेवला आणि रेइनोकडे जायला सांगितलं. रेइनोची स्वतःची चाळीस एकर होती, देवदारांच्या दलदलीला लागून, आणि मंडळाचा नियम तिथे चालत नव्हता.

"कोणत्या तोंडानं जाऊ?" तो म्हणाला.

"आहे त्याच," ती म्हणाली. "तुझ्याकडे दुसरं कुठाय?"

रेइनोनं दार उघडलं. पाव घेतला, वास घेतला. आर्विड दोन मैलांच्या वाटेत जुळवलेली वाक्यं जागच्या जागी विसरला. खांदा गेलाय एवढंच त्याला सांगता आलं. रेइनो आत गेला आणि क्रॉसबो घेऊन आला. दस्त्याचा रंग उडाला होता, खटका डाव्या हाताला सोयीचा करून घेतला होता.

"मंडळाला विचारलंस ना?" त्यानं विचारलं.

आर्विडची मान खाली गेली. तेव्हा रेइनो म्हणाला, "चल, ताणायची कशी ते दाखवतो. हँडल फिरवायचं असतं, लहान मूलसुद्धा करेल. आणि हो, पोत्यालासुद्धा जमेल."

अंगणात ताटली लाव, असं आर्विडच म्हणाला. पाचही बाण मधोमध लागले आणि त्याला काडीचाही आनंद झाला नाही.

दोन दिवस रेइनोच्या रानातल्या मचाणासमोर काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास वारा पडला, खारी गप्प झाल्या, आणि देवदारांच्या काळोख्या रांगेत जिथे क्षणापूर्वी काही नव्हतं तिथे हरीण उभं होतं. आलं कुठून ते दिसलं नाही. ते कधीच दिसत नाही. पन्नास वर्षं बघूनही आर्विडचा श्वास दर वेळी तिथेच अडकायचा, तसाच अडकला. मोठा नर होता, एक कान फाटलेला, मानेवरचे केस दाट. नाकातून वाफ निघत होती. एवढं धूड, पण खुराखाली पान वाजत नव्हतं. पाऊल टाकायचं, थांबायचं, सगळं रान ऐकून घ्यायचं, मग दुसरं पाऊल. असं करत ते पंधरा पावलांवर आलं आणि आडवं उभं राहिलं.

क्रॉसबो कठड्यावर टेकलेली होती. बाणाचं टोक हरणाच्या पुढच्या खांद्याच्या मागे, अगदी ताटलीएवढ्या जागेवर. खटक्याची कळ सरकवायची आणि बोट दाबायचं, एवढंच काम. त्याला हलायचीसुद्धा गरज नव्हती.

आर्विड थांबला. कशासाठी थांबला? हरणाचं डोकं समोरच्या मेपलच्या बुंध्याआड जावं म्हणून. त्याचा डोळा झाकला गेल्याशिवाय धनुष्य ताणायचं नसतं. हरणानं पाऊल टाकलं, डोकं बुंध्याआड गेलं, आणि त्याच क्षणी आर्विडचा डावा हात रिकामाच पुढे ताठ झाला. उजवा मागे आला, खांद्यात कळ उठली तरी आला, आणि जबड्याच्या कोपऱ्याशी, नेहमीच्या जागी टेकला. तीन बोटं वाकलेली. बोटांत दोरी नव्हती. क्रॉसबो मांडीवर घसरून पडली होती आणि ते त्याला कळलंही नव्हतं.

डोकं बुंध्याच्या पलीकडून बाहेर आलं आणि हरणानं वर पाहिलं.

किती वेळ पाहत होतं कोण जाणे. त्याच्या डोळ्यात आभाळ दिसत होतं. आर्विड हात गालाशी तसाच धरून बसला. आपण इथे कोणी नाही, हे रान याचं आहे आणि यानं आपल्याला पाहून घेतलंय, एवढंच त्याला कळत होतं. मग फुर्रकन आवाज झाला, पांढरं शेपूट उभं राहिलं आणि देवदारांनी त्याला आत घेतलं. आर्विडचे गाल ओले झाले होते.

उतरून तो सरळ रेइनोच्या स्वयंपाकघरात गेला. क्रॉसबो टेबलावर ठेवली आणि घडलं ते सांगितलं. हा आता महिनाभर हसणार, गावभर करणार, अशी त्यानं मनाची तयारी केली होती. आपण त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं, हेही त्याला ठाऊक होतं.

रेइनो हसला नाही. त्यानं कॉफी ओतली आणि समोर बसला.

"पहिल्या वर्षी माझंही तेच झालं," तो म्हणाला. "हात वर आला. बोटं नव्हती, तरी ओढली दोरी त्यांनी. तिन्ही बोटांना दोरी लागली, आर्विड. देवाशपथ लागली. हरीण बघत राहिलं आणि मी असाच बसून."

"मग?"

"मग काय. खाली उतरलो. कोणाला सांगू?"

अठ्ठावीस वर्षं आर्विड सभांमधून सांगत आला होता की क्रॉसबोवाल्याला हा क्षण कळायचा नाही. आणि त्या क्षणापलीकडचं काहीतरी इथे, दोन मैलांवर, एका माणसानं एकट्यानं पाहिलं होतं. त्यानंच त्या माणसाला एकटं केलं होतं.

"मला सांगायचंस," तो कसाबसा म्हणाला.

"तुलाच सांगायचं होतं की," रेइनो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला कळलं असतं?"

"चुकलो मी."

रेइनोनं पावाचा तुकडा त्याच्याकडे सरकवला. मग, नीट दाखवायचं म्हणून, त्यानं आपला दोन बोटांचा हात उचलून जबड्याच्या कोपऱ्याशी नेला आणि इथेच ना, असं विचारलं. आर्विडनं आपला नेला. खांदा दुखत होता. जरा वर, तो म्हणाला, आणि रेइनोनं हात जरा वर घेतला.