बाबांच्या लघवीचं कल्चर

बिबवेवाडीच्या एका लॅबमध्ये मी कल्चरचं काम बघते. रक्तात, लघवीत, पुवात कुठले जंतू आहेत आणि ते कुठल्या औषधाने मरतात, हे शोधायचं. लोकांच्या बापांसाठी मी हे रोज करते. माझा बाप आजारी पडला तेव्हा मात्र मला कुणी सांगितलंच नाही.

बाबा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आई आणि ते विश्रांतवाडीत राहतात. त्यांना लघवीला जळजळ व्हायला लागली, म्हणून आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. जरा बरं वाटलं, मग पुन्हा जळजळ. दुसरं दिलं. ताप आला, तेव्हा फोनवरच तिसरं सांगितलं. तपासणी एकही नाही. हे मला कळलं ते बाबा दोन पांघरुणांखाली कुडकुडत असताना.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी आईला विचारलं.

"तुला कामं असतात. आणि डॉक्टर आहेतच की."

मी त्यांना जवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल केलं. इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी लघवीचा नमुना घ्यायला लावला आणि तो घेऊन स्वतः लॅबमध्ये गेले.

या तपासणीत जादू काही नाही. प्लेटवर जंतू पसरायचे, त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल जागा राहते. दोन दिवसांनी बघितलं तर बाबांच्या प्लेटवर जंतू चकत्यांना अगदी खेटून वाढले होते. डॉक्टरांनी दिलेली तिन्ही औषधं निकामी; वाटेल तशी घेतलेल्या औषधांना जंतू सरावतात, मग ती लागू पडेनाशी होतात. नर्सिंग होममध्ये चालू असलेलं इंजेक्शनही निकामी. एका कडेला एकाच चकतीभोवती गोल उमटला होता. अशा प्लेटा मी नेहमी बघते, रिपोर्ट लिहिते आणि डबा खायला जाते. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

नर्सिंग होमला फोन करून इंजेक्शन बदलायला सांगितलं आणि तडक फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. त्यांनी मला लहानपणापासून बघितलेलं. मी रिपोर्ट पुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला.

"बरं झालं केलंस," ते म्हणाले.

"हे तुम्ही करायचं होतं, डॉक्टर."

"अगं, प्रत्येकाला कल्चर लिहून दिलं तर पेशंट पुढच्या गल्लीत जाईल. त्याला आज गोळी हवी असते."

"प्रत्येकाचं नाही म्हणत मी. पहिल्या औषधाने गुण आला नाही, तेव्हा तरी?"

"रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर मी काय हातावर हात ठेवून बसू?"

"नमुना घ्या, मग द्या की गोळी! नमुना द्यायला कितीसा वेळ लागतो?"

ते हसले. "लहानपणीसुद्धा अशीच भांडायचीस." आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. तो माणूस आत आला, माझ्या शेजारी उभा राहिला. मी जागची हलले नाही, तरी डॉक्टरांनी त्याला जीभ दाखवायला सांगितली. मी तिथे नव्हतेच जणू.

नव्या इंजेक्शनने बाबांचा ताप उतरला. घरी आले ते निम्मे होऊन. जिना चढताना मधेच बसले. वर आल्यावर पहिलं वाक्य हे:

"डॉक्टरांशी भांडलीस म्हणे. अगं, तुझा गोवर त्यांनी बरा केला होता."

"गोवर आपोआप बरा होतो, बाबा."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

पुढच्याच महिन्यात आईबाबांच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना तीच जळजळ सुरू झाली. "काकू, उद्या सकाळचा नमुना द्या, मी नेते. तोवर कुठलीही गोळी घेऊ नका," मी बजावलं. नमुना आला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर प्लेटवर काहीच उगवलं नव्हतं; आधी औषध पोटात गेलं असेल तर असं होतं. मला शंका आली, संध्याकाळी थेट त्यांच्या दारात गेले.

"नमुना द्यायच्या आधी गोळी घेतलीत?"

"रात्री एक, सकाळी एक. तुझ्या बाबांकडे उरल्या होत्या."

मी वर गेले. बाबा पेपर वाचत होते.

"तुम्हाला ज्यांनी गुण आला नाही, त्या गोळ्या तुम्ही काकूंना दिल्यात?"

"त्यांना आला ना," पेपर खाली न करता ते म्हणाले. "जळजळ कमी आहे म्हणतात."

कपाटातून उरलेल्या सगळ्या पट्ट्या काढून मी पर्समध्ये कोंबल्या. तेव्हा कुठे पेपर खाली आला.

"चांगली औषधं आहेत ती. फेकू नकोस."

"चांगली होती, बाबा," मी ओरडले. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "आधी चांगली होती!"

बाबांनी आईकडे बघितलं. "हिला काय झालंय?" त्यांनी विचारलं, आणि पुन्हा पेपर उघडला.