डेल्फियाच्या नावावरचा खटला

तुमच्या नावावर कुठल्याही कोर्टात गुन्हा नाही, हे छातीवर हात ठेवून सांगाल? कशाच्या भरवशावर? आपण काही केलंच नाही म्हणून? मग डेल्फिया स्टिडमनं तरी काय केलं होतं?

डेल्फिया अमेरिकेतल्या हॅसल काउंटीतली, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यातली, डोंगरातली बाई. हमरस्त्यावरच्या मोटेलात चादरी धुवायची. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. आयुष्यभर एकाच गोष्टीचा तोरा मिरवला: स्टिडमांचं नाव स्वच्छ आहे. हा तोरा तिच्या आईचा, ऑपलचा. तिथं आठवड्याचा पेपर बुधवारी येतो आणि शेवटच्या पानावर त्या काउंटीच्या कोर्टाची बातमी असते. कोण पिऊन गाडी चालवताना सापडला, कुणी बायकोवर हात उचलला, सगळं नावगावासकट. लोक आधी ते पान वाचतात, मग मयतांचं. त्या पानावर नाव आलं नाही म्हणजे माणूस निर्मळ. दुसरा पुरावा कुणी मागत नाही. ऑपल भिंग लावून ते पान वाचायची आणि भिंग पुसत म्हणायची, "आपलं नाव नाही. येणारही नाही."

धाकटी बहीण रोवीना काउंटीच्या इस्पितळात नर्स. सगळ्यांना तिचं कौतुक, डेल्फियाला सगळ्यांपेक्षा जास्त. त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी बाया एकमेकींचे पाय धुतात. मनात किल्मिष असेल तर पाण्यात हात घालायचा नाही, असा दंडक. रोवीना दर वर्षी थोरलीचेच पाय धुवायची, तेही रडत रडत. गाव म्हणायचं, बहिणी असाव्यात तर अशा.

मग जेसचं प्रकरण झालं. जेस म्हणजे डेल्फियाचा नातू, नुकता शाळेत जायला लागलेला. डेल्फियाची मुलगी मिस्टी नशेच्या गोळ्यांपायी घर सोडून गेली आणि पोराला सरकारनं उचलून लांबच्या गावी परक्या घरात ठेवलं. डेल्फिया दुसऱ्याच दिवशी बालकल्याण खात्याच्या प्रॅटरबाईसमोर जाऊन बसली. "नातू माझा आहे. माझ्याकडे द्या."

बाईनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. "देता येणार नाही. तुम्हाला शिक्षा झालेली आहे. दवाखान्यातून गोळ्या चोरल्याबद्दल. गुन्हा कबूल केलाय तुम्ही."

"मी?" डेल्फियाला हसूच आलं. "अहो बाई, मी चर्चच्या पेटीतलं पेन्सिलीचं टोक कधी उचललं नाही. भलतीच कुणी असेल."

ती तरातरा हॅसलच्या कोर्टात गेली, नाव शोधायला लावलं, 'काही आढळलं नाही' असा शिक्क्याचा कागद घेतला आणि प्रॅटरबाईच्या टेबलावर आपटला. बाईनं तो वाचायचीही तसदी घेतली नाही. "हा तुमच्या काउंटीचा. माणूस कुठं राहतो हे कोर्ट बघत नाही. गुन्हा जिथं घडला, खटला जिथं चालला, कागद तिथं. ब्राइस काउंटीत जा."

ब्राइस म्हणजे डोंगरापलीकडची काउंटी. तिथला पेपर वेगळा, आणि तो हॅसलमध्ये कुणी वाचत नाही.

रविवारी आईकडे घेवडा आणि मक्याचा पाव खाताना डेल्फियानं हे सांगितलं. ऑपलचा चमचा ताटातच थांबला. "तिकडे कशाला जातेस? पेट्रोल काय वाटेवर सांडलंय?"

रोवीनानं तिच्या हातावर हात ठेवला. "मी बोलते त्या बाईशी. तू जिवाला लावून घेऊ नकोस, डेल."

आपल्यासाठी एवढं करणारं माणूस आहे, असं वाटलं बिचाऱ्या डेल्फियाला. पण गप्प बसेल ती डेल्फिया कसली! सोमवारी गाडी काढली आणि ब्राइस गाठलं.

काउंटरमागे लूला हॉल नावाची जाडजूड बाई होती. तिच्या मागच्या भिंतीवर पाटी: इथं कायद्याचा सल्ला मिळणार नाही.

"माझ्या नावावर काय आहे ते बघा हो जरा."

"मी नाही बघत, हनी. तू बघायचंस. तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर सगळ्यांसाठी आहे. आडनाव आधी घाल, मग जन्मतारीख. खटल्याचा नंबर घेऊन ये, मग मी फाइल काढते."

"आणि नंबर नसलाच तर?"

"तर तू सुखी बाई. घरी जाऊन कॉफी पी."

नंबर होता. नाव तिचं, जन्मतारीख तिची, घरचा रस्ताही तिचाच. मांजराच्या पावलानं डेल्फिया काउंटरकडे परत आली. लूलानं चिठ्ठी भरून घेतली. जुन्या फाइली जुन्या तुरुंगाच्या कोठड्यांत ठेवलेल्या असतात. त्या काढायला माणूस एकच, आणि तो गुरुवारी येतो. "शुक्रवारी ये. कॉपीचे पैसे पानामागे. सरकारी कामाला लागणार असेल तर शिक्क्याची माग, साधी चालत नाही. लोक साधी नेतात आणि परत हेलपाटा घालतात."

शुक्रवारी फाइल हातात आली. पातळ होती. पहिल्या पानावर अटकेची तारीख. डेल्फियानं ती वाचली, बोट ठेवून परत वाचली. तो मिस्टीच्या जन्माचा दिवस होता. त्या दिवशी डेल्फिया पहाटेपासून हॅसलच्या इस्पितळात कळा देत होती. तिची पर्स आईकडे होती. पर्समध्ये गाडीचं लायसन. पुढे ते सापडलंच नाही, नवं काढावं लागलं होतं.

आई आणि रोवीना त्या दिवशी बाळ होऊन गेल्यावर उगवल्या होत्या, दिवेलागणीला. वाटेत टायर पंक्चर झाला म्हणाल्या. मिस्टीच्या प्रत्येक वाढदिवसाला तो किस्सा व्हायचा. आई चिखलात जॅक कसा फिरवत होती, शिव्या कशा घालत होती, त्याची नक्कल रोवीना करून दाखवायची आणि डेल्फिया डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची.

तिनं पान उलटलं. जामिनाचा कागद. सही ऑपल स्टिडम. नातं: आई.

"पाणी देऊ का गं?" लूलानं विचारलं.

"कॉपी द्या. शिक्क्याची."

लूलानं कागद पाहिले, मग तिचा चेहरा पाहिला. पाटीकडे बोट करून म्हणाली, "सल्ला मी देऊ शकत नाही. पण अटक झाली की बोटांचे ठसे घेतात आणि ते शेरीफच्या कचेरीत जपून ठेवतात, एवढं या भिंतीलाही माहीत आहे. भिंत बोलली असं समज."

डेल्फिया थेट आईच्या स्वयंपाकघरात शिरली. रोवीना कामावरून तिथंच आलेली, अंगावर इस्पितळाचे कपडे.

"आई, टायर कुठला गेला होता? पुढचा की मागचा?"

ऑपलनं तिच्या हातातले कागद पाहिले आणि खुर्ची ओढली. "तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. तिकडच्या दवाखान्यात शिकायला जायची, नको त्या संगतीला लागली. एकदाच घडलं ते, आणि मी तुझं लायसन तिथं पुढं केलं. सगळं मातीत गेलं असतं. मला एक तरी मुलगी वर काढायची होती."

"आणि मी?"

"तुझ्या नावाचं असं काय बिघडणार होतं, डेल? चादरी धुवायला कोण कागद मागतं?"

हे ती रागानं म्हणाली असती तर परवडलं असतं. म्हातारीनं ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

आणि डेल्फियाला एकेक आठवायला लागलं. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी, मुलाखत झकास झाली आणि मग 'सध्या जागा नाही'. नदीकाठचं चांगलं घर, मालकानं आधी हो म्हटलं आणि मग फोनच उचलला नाही. म्हाताऱ्यांच्या आश्रमातलं काम. प्रत्येक वेळी ती आईच्या गळ्यात पडून रडली होती आणि प्रत्येक वेळी ऑपलनं सफरचंदाचा थरांचा केक केला होता. "देवाची मर्जी," म्हणायची आणि मोठा तुकडा वाढायची.

"मी सांगणारच होते तुला," रोवीना म्हणाली.

"कधी गं? पाय पुसून झाल्यावर?"

रोवीना रडायला लागली. रडायला ती पहिल्यापासून हुशार. ऑपल मध्ये पडली. "पोरगं येईल आज ना उद्या. थोडी कळ काढ. हिचं नर्सचं लायसन जाईल. आणि वर पेपरात नाव येईल आपलं!"

"माझं आलंय की, डोंगरापलीकडच्या. जेस तिकडे परक्यांच्या घरात झोपतोय, आई. तो माझ्या नावाचा हिशेब चुकता करतोय."

या वेळी ती केकची वाट न बघता निघाली. ब्राइसच्या शेरीफच्या कचेरीत, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे, लेखी अर्ज टाकून ठसे मागवले. फुकट काम करणाऱ्या वकिलानं तिचे ठसे, इस्पितळातली बाळंतपणाची नोंद आणि जामिनाचा कागद एकत्र करून ब्राइसच्या कोर्टात अर्ज लावला. सुनावणीला घरचं कुणी आलं नाही. ठसे जुळले नाहीत. न्यायाधीशानं तिचं नाव त्या खटल्यातून काढलं. डेल्फियानं त्या हुकुमाचीही शिक्क्याची कॉपी घेतली, कारण कोर्टानं खोडलं म्हणून बाकीच्यांनी खोडलं असं होत नाही. प्रत्येक दारात जाऊन तो कागद दाखवावा लागतो.

रोवीनाचं काय झालं? काही नाही. खटला भरायची मुदत उलटून गेली, म्हणाले. परवाना राहिला, नोकरी राहिली. पेपरात मात्र आलं. डेल्फियानंच हुकुमाची बातमी हॅसलच्या पेपराकडे नेऊन दिली आणि एका बुधवारी शेवटच्या पानावर स्टिडमांचं नाव छापून आलं. त्या दिवशी ऑपलनं भिंग काढलं नाही.

पाय धुण्याच्या रविवारी रोवीना घमेलं घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. सगळं चर्च बघत होतं. डेल्फियानं बूट सोडले नाहीत.

"पाणी गार होतंय, डेल."

"होऊ दे. ते कधी गरम होतं?"

पानगळीत जेस आला. हातात एक पिशवी, डोळे पायांकडे. त्याच्यासाठी डेल्फियानं पहिल्यांदाच स्वतः थरांचा केक केला. वाकडा झाला. आई आणि बहीण आल्या नाहीत, आणि डेल्फियानंही बोलावलं नव्हतं. पोरानं दोन तुकडे खाल्ले, एवढंच त्या दिवसाचं गोड.

आता तुम्हाला एकच मागणं आहे. तुम्ही जिथं जिथं राहिलात, जिथं जिथं तुमची पर्स दुसऱ्याच्या हातात राहिली, तिथल्या कोर्टाच्या काउंटरवर एकदा स्वतःच्या पायांनी जा आणि स्वतःचं नाव विचारा. आणि घरातलं कुणी जिव्हाळ्याचं माणूस हातावर हात ठेवून म्हणालं, "तिकडे कशाला जातेस?", तर कृपा करून आधी तिकडेच जा.