पडद्यावर मुंग्या आल्या त्या आठवड्यात

पुण्यात बिबवेवाडीला एका पिठाच्या गिरणीच्या वर छोटी खोली होती. तिथून आमच्या भागापुरतं एक केबल चॅनेल चालायचं आणि त्यावर रोज संध्याकाळी मी निवेदन वाचायचे. बी.कॉम. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत म्हणून धरलेलं काम, ते बरीच वर्षं टिकलं. चॅनेल केबलवाल्या काकांचं. आमच्या भागातल्या गच्च्यांवरून गेलेल्या बहुतेक वायरी त्यांनीच ओढलेल्या होत्या.

मागे निळा पडदा, समोर हँडीकॅम. आवाज येतो म्हणून वाचताना पंखा बंद ठेवायचा. गिरणी मात्र बंद होत नसे, त्यामुळे माझ्या प्रत्येक वाक्यामागे कुणाचं तरी दळण चालू असायचं. गुरुवारी पाणी येणार नाही, कुणाला किल्ल्यांचा जुडगा सापडला आहे, कुठल्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे, आणि शेवटी निधनवार्ता. अंत्ययात्रा किती वाजता निघणार, दहावा कुठे, हे लोकांना आमच्याकडूनच कळायचं. मंडईत लोक ओळखायचे. खालच्या गल्लीतले एक पेन्शनर एकदा म्हणाले, "गेलेल्यांची नावं वाचणाऱ्या त्या तुम्हीच ना? आम्हाला घाई नाही, सांगून ठेवतो."

बाबा एसटीतून निवृत्त झाले होते. निवेदन लागायच्या वेळी ते खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसत. मी घरी आले की म्हणत, "आज शेवटचे शब्द खाल्लेस." काही बोलले नाहीत तर वाचन ठीक झालं असं मी समजायचे.

मग डिजिटलची बातमी आली. जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद होणार, प्रत्येक टीव्हीला सेट टॉप बॉक्स लागणार, नाही लावला तर काही दिसणार नाही. आधी कुणी मनावर घेतलं नाही. काकांना मात्र लगेच समजलं. आता चॅनेल एका मोठ्या कंपनीकडून येणार, बॉक्सही तिचेच, आणि काकांनी फक्त वायर सांभाळायची. आमचं चॅनेल त्यात बसवायचं तर कंपनी मागेल ते द्यावं लागणार होतं. ते त्यांना झेपणारं नव्हतं.

आमच्या नगरसेवकांनी एका सोसायटीच्या हॉलमध्ये सभा घेतली. सगळे त्यांना भाऊ म्हणत. निवडणूक झालेली होती, तरी ते तावातावाने बोलले. "हा निर्णय वर बसलेल्यांनी घेतला. तुमच्या घरात काय दिसावं हे तुम्हाला कुणी विचारलं? मी असेपर्यंत इथली केबल बंद होणार नाही." टाळ्या पडल्या. मागून हिंजवडीत नोकरी करणारा एक जण उठला. "पण भाऊ, डिजिटलची पिक्चर क्वालिटी बघा ना. प्रॉब्लेम काय आहे?" भाऊ म्हणाले, "प्रॉब्लेम तुम्हाला नाही. तुम्ही घरी असता कधी?" लोक हसले. काकाही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत.

निषेध म्हणून एका संध्याकाळी तासभर केबल बंद ठेवायचं ठरलं. त्या तासात काकांना फोनवर फोन आले, सिरियल चुकली म्हणून. पाठिंबा द्यायला एकाचाही नाही.

थोड्याच दिवसांनी भाऊंच्या साडूच्या दुकानात बॉक्सची खोकी लागली. बाहेर फ्लेक्स होता, भाऊंचा हात जोडलेला फोटो आणि डिजिटल युगाच्या शुभेच्छा. मी काकांना म्हटलं, "भाऊंना जाऊन विचारा ना."

"विचारलं."

"मग?"

"म्हणाले, विरोध वेगळा, धंदा वेगळा. चहा पाजला."

चॅनेल बंद करायचं त्यांनी त्याच आठवड्यात ठरवलं. शेवटच्या दिवशीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहून दिला, दोनच ओळींचा. आजपासून हे चॅनेल बंद होत आहे, प्रेक्षकांचे आभार. निधनवार्तेनंतर मी तो वाचला. काका कॅमेऱ्यामागे उभे होते. वाचून झाल्यावर त्यांनी पंखा लावला. मला काही वाटायला हवं होतं, पण तसं काही जाणवलं नाही. घरी आले तर बाबा काही बोलले नाहीत.

मग एका दुपारी चित्र गेलं आणि पडद्यावर मुंग्या आल्या. आमचा बॉक्स आला नव्हता, मागणी जास्त होती. बाबा थोडा वेळ तसेच समोर बसून राहिले. मग म्हणाले, "बंद कर. डोळ्यांना त्रास होतो."

त्याच आठवड्यात बाबा गेले. सकाळी आंघोळ करून बाहेर आले, पलंगावर बसले आणि आडवे झाले. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त मान हलवली. बिल्डिंगमधली माणसं आणि नातेवाईक, एवढेच वैकुंठ स्मशानभूमीत आले. चुलतभावाने एका पेपरात छोटी बातमी दिली होती. आमच्या गल्लीत तो पेपर कुणी घेत नसावं. दहाव्याला आणलेल्या खुर्च्यांपैकी बऱ्याच उघडल्याच नाहीत. आई म्हणाली, "रड गं थोडी." मी आत जाऊन घासलेली भांडी जागेवर लावली.

पुढे कितीतरी दिवस लोक मला बाबांबद्दल विचारत राहिले. ते पेन्शनर मंडईत भेटले. "वडील दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत?"

मी सांगितलं.

ते मेथीची जुडी हातात धरून थांबले. "पण तुम्ही वाचलं नाहीत कुठे."

"चॅनेल बंद झालं ना."

"हो. तेही खरंच."

मग किराणावाला, मग बाबांबरोबर पर्वतीवर फिरायला जाणारे गृहस्थ, मग इस्त्रीवाला. प्रत्येकाला नव्याने सांगायचं. माझा आवाज निवेदन वाचताना असायचा तसाच सपाट निघायचा. समोरच्यांचे डोळे भरून यायचे आणि मी त्यांना म्हणायचे, "चालायचंच."

बॉक्स घेऊन काका स्वतः आले. दारातच म्हणाले, "उशीर झाला, पण आता चित्र स्वच्छ दिसेल. बाबा कुठेत? रिमोट त्यांनाच समजावून सांगतो."

आई म्हणाली, "अहो, ते गेले."

काका बॉक्स मांडीवर घेऊन बसले. "मला कसं कळलं नाही?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी चहा टाकला. चहा झाल्यावर त्यांनी वायर जोडली, बॉक्सचा नंबर फोनवर कुणाला तरी कळवला, आणि आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. चित्र आलं. खरोखरच स्वच्छ होतं.

"ताई, मराठी चॅनेल इथून पुढे," काका आईला म्हणाले.

आईने विचारलं, "आणि आवाज कमी कुठून करायचा?"

त्यांनी दाखवलं.

वर्षभरात काकांनी वायरीचं जाळं भाऊंच्या साडूला देऊन टाकलं. मला हिंजवडीत एका ऑफिसात नोकरी लागली. कंपनीची बस स्वारगेटवरून मिळते आणि परत यायला अंधार होतो. घरी येते तेव्हा आई सिरियल बघत असते. मी हातपाय धुऊन शेजारी बसते. कोण कुणाचं काय लागतं ते ती मला सांगते, आणि मी हो म्हणते.