आबांची बुर्जी

माझे थोरले चुलते, आबा, चकलांब्यात दूध डेअरीच्या ओट्यावर बुद्धिबळ खेळायचे. नुसतं हरवून त्यांचं पोट भरत नसे. प्याद्यानं मात झाली की हरणाऱ्यानं टोपी उलटी घालून घरी जायचं, असा त्या ओट्याचा रिवाज. पालीचे पाहुणे मला बघायला आले त्या दिवशी आबांनी मला मुद्दाम डावाला बसवलं, प्यादेमात दिली आणि मी बोडका म्हणून स्वतःची टोपी उलटी करून माझ्या डोक्यावर ठेवली. होणारे मेहुणे पोट धरून हसले. बायको अजून चिडवते.

म्हणून गेवराईच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला आबाच समोर आले तेव्हा मला आनंद झाला. तालुक्याच्या संघात निवड व्हावी, म्हातारपणी आबांना एवढं एकच हवं होतं. बरोबरी झाली तरी त्यांचं नाव लागणार होतं. माझं काहीच अडलं नव्हतं.

मी वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, मग राजाकडचा उंट कडेला नेऊन लावला.

‘कडंकडंनं कावून रांगतो बे? मधी ये की,’ आबा म्हणाले.

मी कडेनंच पोखरत गेलो. शेवटी त्यांच्याकडं राजा आणि हत्ती उरला, माझ्याकडं राजा, तो उंट आणि दोन प्यादी. हत्ती जपला असता तर डाव बरोबरीतच सुटणार होता, हे मला दिसत होतं. आबांनी हसत हसत तो हत्ती उंटाला खाऊ घातला आणि हात पुढं केला.

‘बुर्जी. एकटा राजा राह्यला, बरोबरी झाली.’

ओट्यावर तसंच असतं. स्पर्धेत नसतं, असं पंचांनी येऊन सांगितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं.

‘तू तरी सांग की त्याला. आपल्यात हाय ना बुर्जी?’

‘खेळा आबा, घड्याळ चालू हाय.’

प्याद्याचा वजीर करून लवकर संपवता आलं असतं. मी केला नाही. त्यांचा राजा कोपऱ्याकडं हाकत नेला आणि डावात पहिलं सरकवलेल्या त्याच प्याद्यानं मात दिली. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आबांनी कुणी न सांगता टोपी काढली, उलटी केली आणि घातली.

एसटीत मी त्यांच्या शेजारीच बसलो. कंडक्टर ओळखीचा.

‘आबा, टोपी उलटी कावून?’

‘पुतन्याला इचार.’

मी चकलांब्याची दोन तिकिटं मागितली.