दशमीचा डबा

धरणाला भरती येत नाही, ही गोष्ट मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळली आणि तीसुद्धा व्याह्यांच्या देखत.

आमची धाकटी दोडामार्गाकडे दिली. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्या सासरी निघालो. रात्रभर मला झोप नव्हती. मी चार माणसांत तोंड उघडत नाही, शिक्षण चौथी. माझ्या हातून काही वेडंवाकडं झालं तर बोलणी लेकीला बसतील, एवढीच धास्ती. एसटीत मी ह्यांना तीनदा बजावलं, की तिथे कमी बोला. (हे बोलतात जास्त. समुद्रावर ओरडून बोलायची सवय.)

व्याही मंडळी फार चांगली. पहिल्या दिवशी त्यांनी बाजार दाखवला, काजूची बाग दाखवली, देवळामागचं तळं दाखवलं. दुसऱ्या दिवशी वडे-सागोती बांधून घेतली आणि सगळ्यांना धरणावर नेलं. व्याहिणीने एका पितळी डब्यात खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या. डबा तिच्या आईचा. झाकणावर आईचं नाव ठोकलेलं. ती तो कुणाच्या हाती देत नाही, असं लेकीने मला आधीच सांगून ठेवलं होतं.

वड्या संपल्या. आपण नुसतं बसून कसं खायचं, म्हणून मीच पुढे होऊन म्हटलं, डबा मी विसळते. ती नको नको म्हणत होती. मी घेतलाच.

डबा विसळला, आत माती जाऊ नये म्हणून झाकण घट्ट लावलं, काठावर ठेवला आणि पाय धुवायला वाकले. वर बघते तर डबा पाण्यात! वाऱ्यावर डुलत, हातभर लांब. दोन पावलं टाकली असती तर मिळाला असता. पण मी किनाऱ्यावरची. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पाण्यामागे धावायचं नाही, गेलेली वस्तू भरतीबरोबर परत येते, हे आम्ही चालायच्या आधी शिकतो. आणि समोर बघावं तर काठाला लाल मातीचा ओला, उघडा पट्टा. आमच्या खाडीला सुकतीत दिसतो तस्साच. मला शंकासुद्धा आली नाही. मी निवांत खाली बसले.

थोड्या वेळाने हे आले. मी हळूच डबा दाखवला. तोपर्यंत तो नारळाएवढा दिसत होता. ह्यांची अर्धी जिंदगी होडीत गेलेली. त्यांनी पाणी बघितलं, वारा बघितला, आणि विचारलं, आज दशमी ना? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि त्याआधी सहा तास पाणी काठाकडे फिरतं. ही पाऊणकी मला वडिलांनी शिकवलेली. चौथीच्या शिक्षणात माझं तेवढं एक गणित पक्कं.

"धा पावणे साडेसात," मी म्हटलं.

"म्हणजे दीडाक पाणी फिरतला. गप रव. कोणाक सांगा नको."

झालं. दोघं उन्हात बसलो, डब्यावर नजर लावून.

साडेबाराला जेवायला हाक आली. मी म्हटलं, भूक नाही. ह्यांनाही भूक नव्हती. (ह्यांना भूक नाही, असं लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदाच ऐकलं.) व्याहीण दोनदा येऊन गेली. व्याही सुपारी घेऊन आले आणि तसेच परत गेले. मग तिकडे झाडाखाली कुजबुज सुरू झाली. शेवटी लेक आली. चेहरा एवढासा.

"आये, तू कित्या रुसलंस? सासूबाय जेवणत नाय, आपला काय चुकला म्हणान."

"मी खंय रुसलंय?"

"मगे चल जेवूक."

"दीड वाजांदे."

ती रडायच्या बेताला आली. तिने परत जाऊन काय सांगितलं देव जाणे, पण व्याह्यांनी आपल्या मनाने ठरवलं, की किनाऱ्यावरची माणसं, पाहुणचाराला मासळी नाही, म्हणून बसली आहेत रुसून. त्यांनी आमच्या जावयाला मोटरसायकलवरून बाजारात पिटाळलं. तो घामाघूम होऊन बांगडे घेऊन आला. बांगड्यांचे डोळे बघूनच मी ओळखलं, हे मासे आमच्याच बंदरावरचे, आणि आमच्या आधी दोन दिवस निघालेले.

दीड वाजला. डबा लांबच चालला होता. पावणेदोन झाले. आता तो पिवळा ठिपका झाला होता. हे म्हणाले, पाणी जरा उशिरा फिरत असेल, आत लांब आहे ना.

दोन वाजता व्याहीण माझ्यापुढे येऊन हात जोडून उभी राहिली. मग मात्र मला राहवलं नाही. बोट दाखवून म्हटलं, "तुमचो डबो थंय आसा. काळजी करू नकात. भरती लागली की येतलो."

व्याही माझ्यासमोर उकिडवे बसले. मग फार मायेने म्हणाले, "विहीणबाई, ह्या धरणाचा पाणी. पावसाक वाढता, सोडल्यार कमी होता. ह्येका भरती नाय."

ह्यांनी विचारलं, "अमावस्येक पण नाय?"

"अमावस्येक पण नाय."

माझं तोंड उन्हाने तापलं होतं, त्याहून लाल झालं. आईची आठवण धरणात घालवली, वर तीन तास राखण केली! मी लेकीकडे बघूच शकेना. व्याहीण म्हणाली, "म्हणजे तुमी रुसलास नाय?" मी मान हलवली. तशी ती तिथेच मातीत बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. "गेलो तर गेलो गो डबो," म्हणाली, आणि मला हाताला धरून जेवायला घेऊन गेली. तीन वाजता वडे खाल्ले. ह्यांनी अकरा.

त्यानंतर चौथ्या दिवशी व्याहिणीचा फोन आला. वारा फिरला होता. डबा त्याच काठाला, मी ठेवला होता त्याच्यापासून दहा पावलांवर लागला होता. ह्यांनी माझ्या हातातून फोन ओढून किती वाजता ते विचारलं. साडेदहाच्या सुमाराला. त्या दिवशी चतुर्दशी. चौदा पावणे साडेदहा! तेव्हापासून हे कोणाचंच ऐकत नाहीत.

मला मात्र पटलंय, की धरणाला भरती नाही. परवा पुन्हा गेलो, पुन्हा धरणावर नेलं. व्याहिणीने डब्याच्या कडीला होडीसारखा सुंभ बांधला होता. वड्या संपल्यावर तो तिने सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला, विसळायला. मी मान खाली घालून घेतला आणि हळूच विचारलं, "आज तिथी खंयची गो?"