मास्तरांनी नेलेला शब्द

भास्कर मास्तर गेल्याचं मला भर सौद्यात कळलं. समोरच्याची बोटं रुमालाखाली माझ्या हातात होती, गुळाचा भाव ठरत होता. निरोप ऐकूनही मी सौदा मोडला नाही. भाव ठरवला, मगच साताऱ्याची गाडी धरली... लोक मला कठोर म्हणतात. म्हणोत.

मास्तर साताऱ्यात आमच्या शेजारी राहायचे, शाळेत संस्कृत शिकवायचे. मी चौथी शिकलेला, सांगलीच्या बाजारात हमाल, मग पलटणीत. माझी पत्रं तेच आईला वाचून दाखवायचे. जपानशी लढाई संपली तेव्हा आम्ही जावा बेटावर होतो. तिथल्या बाजारात एक बाई करवंटीत ओतलेल्या काळपट ढेपी विकत होती. चाखली तर गूळच, पण ताडाच्या रसाचा. नाव विचारलं. "गुला," ती म्हणाली. बाजाराची सवय, मी तिच्या हातावर रुमाल टाकून बोटं दाबायला गेलो. तिनं हात मागं घेतला, रुमाल ठेवून घेतला आणि ढेप मला दिली! पुढं कळलं, जावाच्या रोजच्या बोलीत आणि इंडोनेशियाच्या भाषेतही साखरेला गुलाच म्हणतात. आमचा आयरिश कप्तान हसला. त्याच्या भाषेत 'गुअल' म्हणजे कोळसा. "पण ते घराणं वेगळं, नुसता आवाज जुळतो," हेही त्यानंच बजावलं.

परत आल्यावर मी हे मास्तरांना सांगितलं. त्यांचे डोळे लकाकले. "अरे, हा आपला संस्कृत गुड! जहाजातून तिकडे गेला आणि गुला झाला. तुझ्या नावानिशी मांडतो बघ." नावानिशी... अंगठा उठवणाऱ्या बापाच्या पोराचं नाव विद्वानांत निघणार होतं.

व्याख्यानाला मी सांगलीहून नवा फेटा बांधून गेलो. तोवर माझी पेढी सुरू झाली होती. मास्तर तासभर बोलले. बाई माझी, कप्तान माझा, नाव मात्र कुठंच नाही. "माझ्या अभ्यासात आढळले," म्हणाले. वर आयरिश कोळसाही गुडाच्या पोटी घातला. मी उठलो.

"आवं मास्तर, कोळशाचं घराणं येगळं हाय. खुद्द कप्तानानं सांगितलंय मला."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "शेटजी, आपण गुळाचा भाव सांगा. शब्दाचा आम्ही सांगू."

सभा खदाखदा हसली. त्यानंतर मी त्यांची पायरी चढलो नाही. मला एवढंच हवं होतं, तशाच भरल्या सभेत त्यांच्या तोंडून माझं नाव. मी दबा धरून होतो आणि मास्तर निसटले. मेलेल्या माणसाशी घासाघीस करता येत नाही.

बाराव्यानंतर वहिनींनी, मास्तरांच्या पत्नीनं, त्या व्याख्यानाची वही माझ्या हातात ठेवली. "ही तुम्ही न्या, भाऊजी. मला सगळं माहीत आहे." पहिल्याच पानावर माझं नाव होतं, बापाच्या नावासकट. त्यावर रेघ. मास्तरांची खोडायची पद्धत त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. एकच सरळ रेघ, खालचं अक्षर वाचता यावं अशी. म्हणायचे, चूक झाकू नये, दिसू द्यावी.

ती वही आता पेढीवर माझ्या गादीशेजारी उघडी असते. येईल त्याला मी ते पान आधी मोठ्यानं वाचायला लावतो. मग गुळाचं बोलतो.